गोळ्यांना ४ स्टार, इन्सुलिनला शून्य

आई कराडला, मी पुण्यात, त्यामुळे तिची बीपी-शुगरची औषधं दीड वर्ष झालं मीच ॲपवरून मागवतो. ॲपचं नाव लिहीत नाही, उगाच कस्टमर केअरचे फोन नकोत.

गोळ्यांचं आधी सांगतो. सूट १८ ते २२ टक्के, आमच्या मेडिकलवाले काका फार तर १० देतात तेही मूड असला तर. स्ट्रिप नीट येतात, बॅच नंबर आणि एक्स्पायरी बिलाशी जुळते, दरवेळी आईला व्हिडिओ कॉलवर वाचायला लावतो आणि ती दरवेळी वैतागते. काही ब्रँडच्या पाकिटावर क्यूआर कोड असतो, ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडना तो सक्तीचा केलाय, तो पण स्कॅन करून बघा. इथपर्यंत तक्रार नाही.

मे महिन्यात इन्सुलिन मागवलं तिथे गाडं अडलं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं हे बॉक्सवरच छापलंय. आईच्या हातात आलं ते कोमट, जेल पॅकचं पार पाणी झालेलं. फोन केला तर पोरगा म्हणतो सर रूम टेंपरेचरला २८ दिवस चालतं. अरे बाबा, चालतं ते घरात वापरायला काढलेलं, आणि रूम म्हणजे २५-३० डिग्री, मे महिन्यातल्या टेम्पोचा हौदा नव्हे. उलट बर्फाला चिकटून गोठलं तरी ते फेकायचंच, आणि वैताग असा की खराब झालेलं बघून कळेलच असं नाही, शुगर वाढायला लागली की मग कळतं. रिफंडसाठी फोटो मागितला. कोमटपणाचा फोटो कसा काढतात ते कुणीतरी शिकवा मला! ९ दिवस भांडल्यावर पैसे आले.

त्या भांडणात बिल पहिल्यांदा नीट वाचलं. विक्रेता म्हणून भिवंडीच्या गोडाउनचा पत्ता आणि खाली लायसन्स नंबर २०बी, २१बी. मावसभावाचं मेडिकल आहे, त्याने बघितल्या बघितल्या सांगितलं की दादा हे होलसेलचं लायसन्स, रिटेलचं नुसतं २० आणि २१ असतं, इन्सुलिनला २१ लागतं, आणि होलसेलवाल्याने थेट पेशंटला विकायचंच नसतं. ॲपला विचारलं तर म्हणे आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, विक्रेत्याशी बोला.

आणि हे बोलू शकतात कारण कायदाच दुकानाचा आहे, १९४० चा, नियम १९४५ चे, समोर काउंटर आणि मागे फार्मासिस्ट धरून लिहिलेले. ऑनलाइनसाठी ऑगस्ट २०१८ मध्ये ड्राफ्ट नियम काढले ते फायनल झालेच नाहीत, त्याच डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने बिनलायसन्स ऑनलाइन विक्रीवर स्टे दिला, फेब्रुवारी २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी २० च्या वर कंपन्यांना नोटिसा धाडल्या, आणि ॲप आपलं रोज सकाळी 'फ्लॅट २० टक्के' चा मेसेज टाकतंय.

प्रिस्क्रिप्शनचं तर विचारू नका. झोपेची गोळी कार्टमध्ये टाकून बघितली, सरळ नाही म्हणाले, तिथे मार्क देतो. पण सेफिक्सिम या अँटिबायोटिकला, जे शेड्यूल एच१ च्या यादीत आहे म्हणजे दुकानदाराला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरला लिहून ३ वर्षं ठेवावं लागतं, त्याला ४० सेकंदांचा एक 'डॉक्टर' कॉल पुरला. ताप आहे का, हो, ॲलर्जी आहे का, नाही, पाठवतो. वय पण विचारलं नाही. मागवलं नाही मी ते, कार्ट रिकामं केलं.

तर आता गोळ्या ॲपवरून, बिलावर २० आणि २१ दिसलं तरच पुढची ऑर्डर. इन्सुलिन काकांकडून, सूट ना बिट, पण फ्रीजमधून काढतात आणि आई पाच मिनिटांत आपल्या फ्रीजमध्ये ठेवते. भिवंडीच्या बिलाची कॉपी एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रारीसोबत पाठवलीय, उत्तर आलं की इथेच खाली टाकतो.