गजबजलेल्या शहरी किनाऱ्यावर कोणता सर्फबोर्ड : फोमचा की इपॉक्सीचा?

सर्फिंग शिकताना फेसातली धडपड संपून न फुटलेल्या लाटेवर उभे राहता येऊ लागले आणि भाड्याच्या बोर्डाऐवजी स्वतःचा घ्यावासा वाटू लागला, की हा प्रश्न पडतो. मी साधारण आठ फुटांचे हे दोन्ही बोर्ड, मऊ फोमचा आणि टणक कवचाचा इपॉक्सीचा, एकाच प्रकारच्या पाण्यात वापरले आहेत : शहराला लागून असलेला, वाळूच्या तळाचा आणि सुटीच्या दिवशी माणसांनी भरून जाणारा किनारा. पुढचे मत तेवढ्यापुरतेच समजावे. पॉइंट ब्रेकवर, जिथे लाट ठरलेल्या जागी फुटते आणि आत जाण्याची वाटही ठरलेली असते, तिथे ते कदाचित बदलेल.

लाटेवर असताना इपॉक्सीचा बोर्ड सरस ठरतो, हे आधीच मान्य करतो. त्याची पातळ कड लाटेच्या भिंतीत रुतते आणि पायाखालून वेग मिळत असल्याचे जाणवते. फोमचा बोर्ड मधोमध किंचित वाकतो आणि त्याची जाड कड उभ्या लाटेवरून घसरते. मात्र बीच ब्रेकवर, म्हणजे वाळूच्या तळावर लाटा फुटणाऱ्या अशा किनाऱ्यावर, वाळूचे दांडे सतत सरकत असल्यामुळे लाट पुष्कळदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदमच कोसळते. अशा वेळी कडेचा तो गुण दाखवायला दोन-चार सेकंदांपलीकडे वेळ मिळत नाही, असा माझा अनुभव आहे. टणक बोर्ड घेऊन फेसाखालून बुडी मारता येते, हा युक्तिवादही आठ फुटांच्या लांबीला फारसा लागू पडत नाही. एवढा बोर्ड पाण्याखाली दाबणे बहुतेकांना जमत नाही आणि कोणताही बोर्ड असला तरी तो धरून उलटे होत लाट वरून जाऊ देण्याचा टर्टल रोलच करावा लागतो.

त्या रोलमध्ये हात सुटला, तर आठ फुटांचा बोर्ड आणि तो पायाला बांधणारी तेवढीच लांब दोरी, म्हणजे लीश, मिळून मागे सोळा फुटांचा पट्टा धोक्याचा होतो आणि शहरी किनाऱ्यावर त्या पट्ट्यात हमखास कोणीतरी असते. ताणलेली लीश बोर्डाला आपल्याच दिशेने परत खेचते, हे वेगळेच. वेटसूटसाठी, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखासाठी, प्रसिद्ध असलेले जॅक ओनील यांचा डावा डोळा लीशच्या सुरुवातीच्या काळात अशाच अपघातात गेला. फोमच्या बोर्डानेही लागते, खालच्या बाजूच्या फिनने, म्हणजे पात्याने, तर कापतेही, परंतु डोक्यावर आदळणारे बोर्डाचे पुढचे टोक मऊ असणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही माझा निर्णय झाला तो एका चिरेमुळे. फेसात दुसऱ्याचा बोर्ड माझ्या इपॉक्सीच्या बोर्डावर आदळला आणि कडेच्या खाली नखाएवढी चीर पडली. किनाऱ्यावर येऊन मी तिला ओठ लावून ओढून पाहिले, तर तोंडात खारट पाणी आले, म्हणजे ते आतपर्यंत गेले होते. इपॉक्सीच्या बोर्डाचे कवच टणक असले, तरी आतला पॉलिस्टायरिन फोम एकदा उघडा पडला की पाणी पितो. ओल राहिली असताना चीर बुजवली, तर कवच फोमपासून सुटू लागते, म्हणून बोर्ड सावलीत चीर खाली येईल असा उभा करून रोज सकाळी तिथे कागद टेकवून पाहायचा, आणि कागद ओला झाला की आणखी एक दिवस थांबायचे. उन्हात काही मिनिटांत घट्ट होणारे साधे पॉलिस्टर रेझिन इथे चालत नाही, कारण ते पॉलिस्टायरिन विरघळवते. इपॉक्सी रेझिनच लावावे लागते आणि ते पक्के होण्यासाठी बहुधा रात्रभर थांबावे लागते. त्या आठवड्यात वारा जमिनीकडून मंद वाहत होता, लाटा कमरेएवढ्या आणि स्वच्छ होत्या, आणि मी भिंतीला टेकवलेल्या बोर्डाकडे पाहत होतो. त्याच मोसमात हे आणखी दोनदा झाले, दोन्ही वेळा गर्दीतच.

फोमचा बोर्ड अशा धक्क्याने अडवून ठेवत नाही. खळगा पडतो आणि आपण पुन्हा पाण्यात जातो. तो फार टिकत नाही, हे खरे आहे. फिनच्या भोकांतून हळूहळू पाणी शिरून तो जड होतो आणि बंद गाडीत तापला तर वरचा थर फुगतो. ज्यांना बहुतेक वेळा पहाटेचे मोकळे पाणी मिळते, त्यांनी इपॉक्सीचा बोर्ड घेतला तर मी त्यांना चुकीचे म्हणणार नाही. माझ्यासारखे ज्यांना सुटीच्या दिवशीच जाता येते, त्यांना मात्र फोमचाच सुचवीन. तो घेताना आत लांबीभर लाकडी पट्ट्या आहेत ना, हे विचारून घ्यावे आणि दोन्ही टोके धरून मधोमध गुडघ्याने हलकेच दाबून पाहावे. सहज वाकणारा बोर्ड लाट पकडतानाच मागे पडतो.