मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: इलेक्ट्रिक युनिसायकलचे आवाज शोधताना

मोटारदुरुस्तीत वापरला जाणारा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप हे अगदी साधे उपकरण आहे. कानात घालायच्या दोन नळ्या, त्यांना जोडलेली रबरी नळी, तिच्या टोकाला पातळ पडदा असलेली छोटी डबी आणि त्या डबीला जोडलेली पोलादी सळई, एवढेच त्याचे भाग. सळईचे टोक यंत्राच्या ज्या भागाला टेकवावे त्या भागाची कंपने पडद्यापर्यंत पोहोचतात आणि हवेतून येणारा इतर गोंगाट बराचसा बाजूला पडतो. इलेक्ट्रिक युनिसायकलमधले, म्हणजे मोटरच्या जोरावर स्वतःच तोल सावरणाऱ्या एकचाकी वाहनातले (पुढे त्यालाच ‘चाक’ म्हटले आहे), यांत्रिक आवाज शोधायला हे उपकरण कितपत उपयोगी पडते, हे मी सस्पेन्शन (धक्के शोषणारी रचना) असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या चाकांवर पाहिले असून माझे मत अनुकूल आहे. मात्र ज्या आवाजाची सर्वांत जास्त काळजी करायला हवी तोच आवाज शोधायला ते उपयोगी पडत नाही, हे घेणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे.

नुसत्या कानावर विसंबून युनिसायकलचा आवाज कुठून येतो हे ठरवणे अवघड असते, कारण चाकाभोवतीचे प्लास्टिकचे पोकळ कवच प्रत्येक आवाज उचलते, मोठा करते आणि भलत्याच जागेवरून ऐकवते. पेडलच्या बिजागरीतली कुरकुर मोटरमधून आल्यासारखी वाटते आणि चाक ढकलत नेण्यासाठीच्या ट्रॉलीच्या दांड्याची खडखड बॅटरीच्या पेटीतली भासते. अशा वेळी दिसेल तो बोल्ट आवळत सुटण्याची सवय घातक आहे. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या की आवाज थांबला तरी तो कशामुळे थांबला हे कळत नाही, आणि आवाज परत आला की सगळा शोध पहिल्यापासून करावा लागतो.

स्टेथोस्कोपचा सर्वांत चांगला उपयोग होतो तो मोटरच्या बेअरिंगसाठी, आणि इथे युनिसायकलची रचनाच त्याच्या पथ्यावर पडते. तिच्यात गिअर, साखळी किंवा पट्टा नसतो. मोटर चाकातच असते, अ‍ॅक्सल (चाकाचा आस) स्थिर राहतो आणि मोटरचे बाहेरचे कवच टायरसह त्याच्याभोवती फिरते. बेअरिंगची आतली रेस, म्हणजे छर्‍यांच्या आतले कडे, अ‍ॅक्सलवरच बसलेली असल्याने अ‍ॅक्सलच्या स्थिर टोकाला सळई टेकवली की छर्‍यांची घरघर जवळजवळ थेट कानात येते, आणि फिरत्या भागाला हात लावण्याची वेळच येत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावूनही हेच काम होते, परंतु त्यासाठी तोंड फिरत्या टायरच्या अगदी जवळ न्यावे लागते. रबरी नळीमुळे डोके सुरक्षित अंतरावर राहते, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही हे उपकरण घेण्याजोगे आहे.

तपासणीची पद्धत सोपी आहे. चाक पूर्ण बंद करावे, टायर जमिनीपासून वर राहील असा भक्कम आधार द्यावा आणि दुसऱ्या व्यक्तीला टायर हाताने फिरवायला सांगावे. चालू ठेवून उचललेले चाक जरासे झुकले तरी तोल सावरण्यासाठी वेग घेत जाते, म्हणून त्या अवस्थेत ही तपासणी कधीही करू नये. बंद चाक हाताने फिरवताना मोटरमधल्या चुंबकांमुळे हलके टप्पे जाणवतात. तो दोष नव्हे. चालवताना ऐकू येणारे आणि जोर लावला की वाढणारे गुंजन या तपासणीत पूर्ण नाहीसे झाले, तर ते बहुधा मोटरच्या वेटोळ्यांतून जाणाऱ्या विद्युतप्रवाहाचे असते आणि ग्रीसने ते जाणार नाही. उरलेला आवाज यांत्रिक समजून दोन्ही बाजूंचे बेअरिंग आळीपाळीने ऐकावे. चांगल्या बेअरिंगमधून अखंड, मऊ सळसळ येते. पाणी शिरून ग्रीस धुऊन गेलेल्या बेअरिंगमधून खरखर येते. एकट्या बेअरिंगचा आवाज ऐकून निर्णय देणे नवख्याला जमत नाही, पण डाव्या-उजव्यातला फरक कोणालाही कळतो. वळणावर एका बाजूला झुकताना घरघर वाढत असेल, तर तिलाही पुरावा म्हणून जमेस धरावे.

आवाजाची लय मोजण्याने शोध आणखी अरुंद होतो. १८ इंच व्यासाच्या टायरचा परीघ सुमारे १.४४ मीटर असतो, म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाला चाकाचे सेकंदाला जवळजवळ चार फेरे होतात. दर फेऱ्याला नेमका एकदा येणारा आवाज असेल, तर टायरच्या खाचेत अडकलेला खडा, टायर रिमवर नीट न बसणे किंवा त्याचा एखादा उंच भाग मडगार्डला घासणे, ही कारणे आधी पाहावीत. बेअरिंगची लय चाकाच्या फेऱ्यांशी सहसा अशी जुळत नाही.

पेडलची आणि सस्पेन्शनची कुरकुर वजन पडल्याशिवाय येत नाही, त्यामुळे फिरते चाक ऐकून तिचा पत्ता लागत नाही. इथे बंद चाक भिंतीला टेकवून एकाने एकेका पेडलवर पायाने भार द्यावा आणि दुसऱ्याने सळई क्रमाने बिजागरीची पिन, पेडलच्या हँगरचे (पेडल धरून ठेवणाऱ्या भागाचे) बोल्ट, सस्पेन्शनचे स्लायडर (वर-खाली सरकणारे भाग) आणि शॉकच्या दोन्ही टोकांचे बुश यांना टेकवत जावे. कुरकुर पिनची निघाली तर पिन काढून, जुना चिकट मळ पुसून, ग्रीसचा पातळ थर पुरेसा होतो. सैल झालेल्या बोल्टला मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारे द्रव) लावावे, पण ते प्लास्टिकवर सांडू देऊ नये, कारण काही प्रकारच्या प्लास्टिकला त्याने तडे जातात. स्लायडरवर गंज सोडवणारा पातळ तेलाचा फवारा मारण्याचा मोह अनेकांना होतो. आवाज त्याने तात्पुरता थांबतोही, परंतु मूळचे ग्रीस धुऊन निघते, ओल्या पृष्ठभागावर धूळ बसते आणि पुढची कुरकुर आधीपेक्षा खरखरीत असते.

आता त्या आवाजाविषयी, ज्याच्यापुढे हे उपकरण हतबल आहे. वेग घेताना आणि नंतर ब्रेक लावताना, जोराची दिशा बदलते त्या क्षणी खालून एक स्पष्ट ‘टक्’ येत असेल, तर अ‍ॅक्सल त्याच्या पकडीत सैल झाल्याचा संशय धरावा. मोटरच्या संपूर्ण पिळाची प्रतिक्रिया अ‍ॅक्सलची सपाट बाजू आणि तिची पकड यांनाच पेलावी लागते. पकड ढिली झाली की दर वेळी अ‍ॅक्सल किंचित फिरतो. मोटरच्या जाड तारा अ‍ॅक्सलच्या पोकळीतूनच बाहेर येतात, त्यामुळे त्यांचे आवरण सोलले जाऊन तारा एकमेकींना टेकण्याचा धोका असतो, आणि तसे झाले तर मोटर तोल सावरणे थांबवते व चालवणारा पुढे फेकला जातो. बंद चाक हाताने फिरवताना हा पीळ अ‍ॅक्सलवर येतच नाही, त्यामुळे सळईतून काहीही ऐकू येत नाही आणि चाक निर्दोष असल्याचा खोटा दिलासा मिळतो. याचा शोध घ्यायला पेंट मार्कर कामाचा: अ‍ॅक्सलचे टोक, पकडीचा भाग आणि फ्रेम यांच्यावरून एकसंध रेघ ओढावी आणि रेघ तुटलेली दिसली, तर पकड व अ‍ॅक्सल झिजले आहेत का हे तपासून, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या पिळाने) ते आवळेपर्यंत चाक वापरू नये. मात्र ‘टक्’ येतच राहिला, तर रेघ शाबूत असली तरी पकड उघडून पाहावी.

सळई पोलादी आहे, ही गोष्ट कवच उघडल्यावर विसरणे परवडणारे नाही. २० सेल एकापुढे एक जोडलेला पॅक पूर्ण चार्ज असताना ८४ व्होल्ट देतो, २४ सेलचा १००.८ व्होल्ट, आणि काही चाकांत याहूनही जास्त दाब असतो. शिवाय कंट्रोलर बोर्डावरचे कपॅसिटर चाक बंद केल्यावरही काही काळ भारलेले राहू शकतात. बोर्डाजवळच्या पंख्याची शिट्टी तपासायची असेल, तर डबी आणि सळई काढून ठेवून नुसती रबरी नळी वापरावी.

विकत घेताना सळई डबीत घट्ट बसते का हे हलवून पाहावे, कारण ढिली सळई स्वतःच झणझणते आणि तो आवाज बेअरिंगच्या माथी मारला जातो. कानात स्टेथोस्कोप असताना सळई कशावरही आपटू देऊ नये. त्याचा दणका कानाला इजा करू शकतो.

बेअरिंग खराब निघाल्यास ते बदलण्याचे काम पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढण्याचे अवजार) असलेल्या आणि मोटर उघडण्याचा अनुभव असलेल्या माणसाकडेच सोपवावे, कारण चुंबकांची ओढ बोटे चिरडण्याइतकी असते आणि नवे बेअरिंग दाबून बसवताना जोर चुकीच्या रेसवर पडला तर ते बसवतानाच निकामी होते. मोटर पुन्हा बंद केल्यावर त्याच ठिकाणी सळई टेकवून दोन्ही बाजू ऐकाव्यात. नव्या बेअरिंगच्या रबरी सीलची हलकी सळसळ चालेल. खरखर आली, तर चाक रस्त्यावर नेण्याआधी मोटर परत उघडावी लागेल.