गणेशवेल: पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंतचा अनुभव

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराची पश्चिमेची खिडकी दुपारनंतर नुसती भाजून निघते. शेजारच्या काकूंनी मूठभर बी दिलं म्हणून जूनच्या शेवटी तिथे गणेशवेल लावली. आता संक्रांतीच्या गड्डा जत्रेची गर्दी सुरू झालीय आणि वेल वाळत आलीय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

बी काळं, कडक असतं. रात्रभर पाण्यात भिजवून मगच टाका. आठवड्याच्या आत उगवतं. पहिली दोन पानं शेपटीसारखी दुभंगलेली असतात, ती तण समजून उपटू नका. पुढची पानं मात्र शेपूच्या भाजीइतकी बारीक. त्यामुळे सावली विरळच पडते. खोलीत अंधार करणारा पडदा हवा असेल तर ही वेल तुमच्या कामाची नाही.

चढायला लोखंडी ग्रिल नको, उन्हात तापतं. मी शहराच्या पूर्व भागातून यंत्रमागाचं उरलेलं सुती सूत आणलं, तीन पदरी पीळ देऊन वरून खाली ताणलं. याचा खरा फायदा आत्ता कळतोय: वाळलेली वेल सुतासकट कापून थेट खतात टाकता येते. नायलॉनची दोरी असती तर एकेक वेटोळं सोडवत बसावं लागलं असतं.

फुलं ऐन गणपतीत आली. लालभडक, पाच टोकांची चांदणी, खाली लांब नळी. सकाळी उमलतात, ऊन चढलं की मिटतात, दुसऱ्या दिवशी नवी. दुपारी घरी येणाऱ्यांना काहीच दिसत नाही, ही माझ्या मिस्टरांची कायमची तक्रार. शिंजीर पक्षी मात्र सकाळी न चुकता हजर!

खत बेतानंच द्या. काकूंनी स्वतःच्या कुंडीत शेणखताचा मारा केला, तर पानंच पानं, फुलं नावाला. पाणी आमच्याकडे रोज येत नाही, पण भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर भागलं. ऑक्टोबरच्या उन्हात खालची पानं पिवळी पडली तेवढीच.

मोठा दोष एकच, बी सगळीकडे सांडतं. बोंडं तपकिरी झाली की फुटायच्या आत काढा, नाहीतर पुढच्या पावसात अंगणभर तीच उगवेल. आणि हे बी पोटात गेलेलं चांगलं नाही, लहान मुलांपासून लांब ठेवा.