क्रॅथिस कॅसल: सात महिने, सात चकरा

एप्रिलमध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेतलं, ते मुख्यतः क्रॅथिस कॅसलसाठी. ॲबर्डीनहून गाडीने पाऊण तासाच्या आत पोचतो आणि सभासदांना तिकीटही नाही, पार्किंगचे पैसेही नाहीत. ऑक्टोबर संपेपर्यंत सात चकरा झाल्या. त्यावरून सांगते, कॅसल आतून एकदा निवांत बघा, बागेला मात्र पुन्हा पुन्हा जा.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तटबंदी येते. हा तसा नाही. उंच, अंगाने सडपातळ असा राहता बुरूजच म्हणा. १५५३ मध्ये बांधायला घेतला, १५९६ मध्ये पुरा झाला. बर्नेट घराण्याने १९५१ मध्ये तो ट्रस्टच्या हवाली केला. दिवाणखान्यात हस्तिदंती शिंग आहे. १३२३ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याने या घराण्याला जमीन दिली, त्याची ती खूण मानतात. आपल्याकडे घराणी सनद जपतात, तसं यांनी शिंग जपलं. वर नऊ वीरांच्या खोलीत मान वर करून थांबा. छताच्या फळ्यांवर हेक्टर, सीझर, आर्थर रंगवलेत आणि तुळयांच्या कडांना जुन्या स्कॉट्स भाषेतल्या ओळी आहेत.

जिना मात्र दगडी, गोल आणि चिंचोळा. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या खालूनच परत फिरल्या आणि बागेत जाऊन बसल्या. खरी बाग आम्हाला त्यांनीच दाखवली.

भिंतीआड जवळजवळ चार एकर, आठ भाग. यू झाडांची कुंपणं १७०२ पासूनची, माणसाच्या डोक्यावरून जाणारी. दुरून हिरवी भिंत वाटते. जवळ गेलं की बारीक, चपटी, काळपट पानं दिसतात. ही पानं विषारी असतात, लहान मुलं तोंडात घालणार नाहीत एवढं बघा. विसाव्या शतकात लेडी सिबिल बर्नेट यांनी रंगांनुसार वाफे लावले. जूनच्या वाफ्यांत ल्युपिन, आयरिस, पॉपी इतके दाटतात की वाटेवर अंग चोरून चालावं लागतं. लेडी सिबिल यांच्या आठवणीत ट्रस्टने केलेली सोनेरी बाग ढगाळ दिवशीच बघावी. आभाळ करडं, आणि त्या चौकोनात ऊन पडल्यासारखं वाटतं. सासूबाई तिथून उठायला तयार नव्हत्या.

सभासदत्व पुन्हा घेणार आहोत. मे महिना यंदा हुकला, त्या महिन्यातली बाग बघायची राहिलीय.