अठ्ठ्याहत्तरावा पत्ता

मी ३१ वर्षे एका सहकारी बँकेत रोखपाल होते, आणि तरीही टॅरो, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, शिकण्याच्या नादात माझे ६१,९९८ रुपये गेले. हे वाक्य कागदावर उतरवायला मला चार महिने लागले. घरात अजून निम्मीच रक्कम ठाऊक आहे. तरीही लिहिते आहे, कारण ज्या वर्गात मी फसले त्यात माझ्यासारख्याच, नुकत्याच निवृत्त झालेल्या, हाताशी थोडी शिल्लक आणि दुपारी रिकामा वेळ असलेल्या किमान चाळीस बायका होत्या, आणि त्यांतल्या एकीनेही तक्रार केल्याचे माझ्या कानावर आलेले नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ऐकणारा प्रत्येक जण तिथेच हसतो. मी भविष्य विचारायला गेले नव्हते. मी पत्रिका न जुळवता लग्न केले आहे आणि बोटात खड्याची अंगठी आयुष्यात कधी घातलेली नाही. माझे माहेर सावंतवाडीकडचे. दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाची ती १२० गोल पाने, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, मी लहानपणी पाहिली होती. भाचीकडे टॅरोचा डेक, म्हणजे पत्त्यांचा जोड, प्रथम हातात घेतला तेव्हा मला तीच आठवली. १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला हा डेक पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढला. त्यात नुसते सहा पेले किंवा सात तलवारी नसतात, प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग घडत असतो. मला ते प्रसंग वाचायला शिकायचे होते. एवढीच हौस होती, आणि ती हौस गुन्हा नव्हती असे मी आजही म्हणते.

११ ऑगस्ट २०२४, रविवार. तीन तासांची कार्यशाळा, फी ९९ रुपये. पुढचे कसे चालते हे वाचणाऱ्यांना विस्ताराने सांगायला नको: शेवटच्या अर्ध्या तासात पडद्यावर उलटे घड्याळ सुरू झाले, १४,९९९ चा पायाभूत वर्ग ‘फक्त आजच्यासाठी’ ४,९९९ ला झाला आणि मी तो घेतला. शिकवणाऱ्या बाई, ज्यांना सगळ्या जणी ‘मॅम’ म्हणत, माझ्या मुलाच्या वयाच्या होत्या आणि बोलायला फार गोड होत्या. पहिले तीन आठवडे त्यांनी शिकवलेही बरे. एकूण ७८ पत्ते, त्यांत २२ मोठे आणि ५६ लहान, लहानांचे चार रंग, पत्ता उलटा आला तर काय समजायचे, हे सगळे झाले. लबाडाने थोडे खरेच शिकवले की उरलेल्यावर आपला विश्वास आपोआप बसतो.

पैसे मात्र दरवेळी निराळ्याच माणसाच्या खात्यात जात होते. यूपीआयच्या पडद्यावर नाव यायचे, मी ते वाचायचे आणि पिन टाकायचे. सहा व्यवहार, चार नावे, आणि त्यांत मॅमचे नाव एकदाही नाही. पावती मागितली की बदामाचे चित्र यायचे. पावतीच्या जागी बदाम येऊ लागला की तिथेच थांबा. मी थांबले नाही.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की मला अजूनही झोप लागत नाही. सगळ्यांना ‘ऊर्जाभारित’ डेक मॅमकडूनच घ्यावा लागेल, बाजारातला चालणार नाही, असे ठरले. किंमत ३,१०० रुपये. तसाच डेक पाचशेच्या आत मिळतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ५ सप्टेंबरला कुरियर आले. सूचनेप्रमाणे जेवणाचे टेबल पुसून, त्यावर पांढरा रुमाल अंथरून मी डबी उघडली आणि चित्रे बघण्याआधीच माझ्या अंगठ्याने सवयीने पत्ते मोजून टाकले. सत्याहत्तर. काउंटरवर एखाद्या गड्डीचा संशय आला की आम्ही ती उलटी धरून दुसऱ्या टोकाकडून मोजत असू. तसे पुन्हा मोजले. सत्याहत्तर. मग रंग वेगळे केले. वाँड्स (काठ्या) चौदा, कप्स (पेले) चौदा, स्वोर्ड्स (तलवारी) चौदा, पेंटॅकल्स (नाणी) तेरा, आणि मोठे बावीस. ‘सिक्स ऑफ पेंटॅकल्स’ नव्हता. हातात तराजू धरलेला एक श्रीमंत माणूस गुडघे टेकून बसलेल्यांना नाणी देतो आहे, तो पत्ता.

मी मॅमना कळवले. त्यांनी पाठवलेला आवाजी संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहे: “काकू, डेक कधीच चुकत नसतो. देण्याघेण्याचाच पत्ता तुमच्याकडे आला नाही ना, म्हणजे तुमचा पैशाचा प्रवाह कुठेतरी अडलाय. तुम्ही मोकळ्या झालात की तो येईल बघा.”

बँकेत एखाद्या खातेदाराने नव्याण्णव नोटांची गड्डी काउंटरवर ठेवून ‘शंभरावी नोट तुमच्या मनात आहे’ असे म्हटले असते, तर मी शिपायाला हाक मारली असती. इथे मी ते उत्तर वहीत लिहून घेतले, खाली तारीख घातली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांना कौतुकाने सांगितले. आणखी दोघींच्या डेकमध्येही एकेक पत्ता कमी निघाला होता. त्यांनाही आपापल्या अडलेल्या प्रवाहाचे कारण मिळाले होते आणि त्याही खूश होत्या. छपाईच्या कारखान्यात टाकून दिलेला, अपुरा माल आमच्या गळ्यात मारला गेला होता, हे सरळ गणित माझ्यासारखीला सुटू नये याची लाज पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा मोठी आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ‘मास्टर’ वर्गाचे १८,५०० भरले. त्यात ‘इजिप्तच्या मंदिरांतील गुप्त ज्ञान’ म्हणून २१० पानांची मराठी पीडीएफ मिळाली. ती वाचताना कोणालाही शंका यावी. ‘पेज ऑफ कप्स’ म्हणजे राजाच्या पदरी असलेला तरुण सेवक. त्याचे भाषांतर ‘कपांचे पान’ असे केले होते. राजा, राणी, सरदार आणि सेवक या दरबारी पत्त्यांना तर चक्क ‘न्यायालयीन पत्ते’ म्हटले होते. स्वामित्वहक्क संपलेले एखादे जुने इंग्रजी पुस्तक भाषांतराच्या यंत्रातून काढून आम्हांला विकले होते. राहिले इजिप्त. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव होता. त्याचा इजिप्तशी संबंध १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने पुराव्याविना जोडला आणि पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची लाटही त्याच सुमारास फ्रान्समध्ये आली. हे मी नंतर एका दुपारी, फुकट, वाचले. तुम्हाला शिक्षक पारखायचा असेल तर एवढेच विचारा की जुन्या फ्रेंच डेकमध्ये ‘जस्टिस’ आठवा आणि ‘स्ट्रेंग्थ’ अकरावा असताना १९०९ च्या डेकमध्ये ही अदलाबदल का झाली. ज्याने अभ्यास केला आहे तो दहा मिनिटे उत्साहाने बोलेल. ज्याने केलेला नाही तो ऊर्जेचा विषय काढेल.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. त्याआधी, १० तारखेला, मी २५,००० ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून भरले. त्या बदल्यात मॅमची संस्था ग्राहक पाठवणार होती, प्रत्येक वाचनाचे, म्हणजे पत्ते काढून त्यांचा अर्थ सांगण्याचे, ३५० रुपये मला मिळणार होते आणि हरवलेला पत्ताही या अनामतीने ‘मोकळा’ होणार होता. १८ आणि २२ ऑक्टोबरला खरोखरच दोन ग्राहक आले आणि माझ्या खात्यात ७०० रुपये जमा झाले. निवृत्तीनंतरची ती पहिली कमाई मी देवापुढे ठेवली. त्यांतली एक बाई पुढे मला ओळखीतून भेटली. ती दुसऱ्या तुकडीतील विद्यार्थिनी होती आणि ‘सरावासाठी’ मला पैसे पाठवून वाचन घ्यायला तिला सांगण्यात आले होते, म्हणजे माझी कमाई तिच्या खिशातली होती आणि तिची कमाई अशीच आणखी कोणाच्या तरी. जी नोकरी मिळवण्यासाठी आधी अनामत भरावी लागते ती नोकरी नसते, हे मी बँकेत किती तरुण मुलांना काउंटरवरून समजावले होते.

शेवटचे ११,००० मात्र मी मूर्खपणाने दिले असे कोणी म्हणू नये. ७ नोव्हेंबरच्या वर्गात मॅमनी माझ्या मुलासाठी तीन पत्ते काढले आणि मधला पत्ता ‘डेथ’ होता. याच बाईंनी पहिल्या महिन्यात आम्हांला घोकून घेतले होते की तेरावा पत्ता मृत्यू दाखवत नाही, एक गोष्ट संपून दुसरी सुरू होणे दाखवतो. ते माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. पण माझा मुलगा रोज दुचाकीने साताऱ्याहून खंबाटकी घाट ओलांडून शिरवळला कामाला जातो, हे मीच कधीतरी बोलण्याच्या ओघात त्यांना सांगितले होते. “घाट आहे ना काकू वाटेत?” एवढेच त्या म्हणाल्या आणि गप्प राहिल्या. ‘शुद्धीकरणाचे’ ते ११,००० मी दहा मिनिटांत पाठवले. कोणत्याही वर्गात, कोणत्याही गोड माणसाला, मुलाबाळांच्या येण्याजाण्याच्या वाटा सांगू नका.

१७ नोव्हेंबरला वर्गाचा समूह बंद झाला आणि सगळे क्रमांक बंद झाले. ९९, ४,९९९, ३,१००, १८,५००, २५,००० आणि ११,००० मिळून ६२,६९८ होतात. त्यांतून आलेले ७०० वजा करून ६१,९९८. सवयीने मी प्रत्येक अर्जात हीच निव्वळ रक्कम लिहिली आहे.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर मी १८ तारखेला सकाळी फोन केला, व्यवहारांचे क्रमांक दिले, तक्रार नोंदवून घेतली गेली. माझ्याकडून शेवटची रक्कम जाऊन अकरा दिवस झाले होते. पैसे गेल्याचे कळताच, लाज वाटत असली तरी त्याच तासाला फोन करा. पैसा दुसऱ्या खात्यातून पुढे सरकायला वेळ लागत नाही.

त्यानंतर पोलीस ठाणे. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला असल्याने साहेब बंदोबस्तात होते. मतदान झाल्यावर गेले तेव्हा मतमोजणीचा बंदोबस्त होता. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण माझ्या प्रतीवर पोच द्यायला नकार दिला. “ताई, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत ना? मग ही दिवाणी बाब झाली, शिकवणी आवडली नाही म्हणून फी परत मागताय.” फसवून घेतलेले पैसे नेहमी माणूस स्वतःच्याच हाताने देतो, नाहीतर त्याला चोरी म्हणतात, हे मी त्यांना शांतपणे सांगितले. १ जुलैपासून ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आले आहे हेही सांगितले, कारण टेबलापलीकडचे दोघे जुन्याच कलमाबद्दल बोलत होते. याने ते दुखावले असावेत. निघताना त्यांतला एक जण हसत म्हणाला, “एवढं शिकलायत तर आमची बदली कधी होते तेवढं बघा की.” मी ५९ वर्षांची आहे. माझ्या पर्समध्ये तेव्हा तो डेक पुरावा म्हणून होता. त्या माणसाने तो मागून घेतला, पिसला आणि एक पत्ता ओढून दोघांनी पाहिला.

माझ्या खात्याची बँक म्हणाली की पिन तुमचा, फोन तुमचा, व्यवहार अधिकृत. त्यामुळे आमची जबाबदारी नाही. नियम मलाही पाठ आहे. ज्यांच्या खात्यांत पैसे गेले ती चार नावे तरी गोठवा, असा लेखी अर्ज दिला. त्याला छापील उत्तर आले, ज्यात माझे नावही चुकले होते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून तिथेही गेले. तिथे प्रकरण एकाच रकान्यावर अडले: समोरच्या पक्षाचा पत्ता. वर्गाच्या प्रमाणपत्रावर छापलेल्या पत्त्यावर झेरॉक्सचे दुकान आहे. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर सापडत नाही’ अशा शेऱ्यासह परत आली. पत्ता पोलिसांनी शोधावा असे आयोगाचे कर्मचारी म्हणतात, आणि आयोगाने विचारावा असे पोलीस. पहिला रुपया देण्याआधी समोरच्याचा खरा पत्ता स्वतः जाऊन पाहा. नंतर तो तुम्हाला कोणीही शोधून देणार नाही.

जानेवारीत एक फोन आला. ‘वसुली विभागातून’ एक अदबशीर आवाज म्हणाला की माझे ६२,६९८ रुपये मंजूर झाले आहेत, फक्त प्रक्रिया शुल्काचे २,५०० भरायचे. मी कोणत्याही अर्जात ६२,६९८ लिहिलेले नाही. सातशे वजा न केलेला तो आकडा फक्त माझ्या वहीत आणि पैसे घेणाऱ्यांकडे होता. मी त्याला म्हटले, पैसे रोख भरायला मी स्वतः येते, कार्यालयाचा पत्ता सांगा. त्याने फोन ठेवला. तो क्रमांक, वेळ आणि बोलणे लिहून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पोलीस ठाण्यात गेले. या वेळी पोच मिळाली.