भोंग्याचा आवाज संगणकावर: रेकॉर्डिंग की चर्प?

धोक्याच्या भोंग्याचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा तर सोपी वाट म्हणजे खरं रेकॉर्डिंग घेऊन त्याचा पिच, म्हणजे सुराची उंची, वरखाली करणं. पोत आयता मिळतो. पण इमारतींवरून आलेला प्रतिध्वनीही त्यात चिकटलेला असतो. पिच बदलला की तोही बदलतो आणि बनाव उघडा पडतो.

दुसरी वाट ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या चर्पची, म्हणजे उंची सरकत जाणारा सूर तयार करणाऱ्या सोयीची. इथे हिशेब आपल्या हातात. यांत्रिक भोंग्यात झरोके असलेलं फिरतं चाक, म्हणजे रोटर, हवेचा झोत कापत राहतं, म्हणून झरोक्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे म्हणजे वारंवारिता. 12 झरोके, मिनिटाला 2400 फेरे: 480 हर्ट्झ. त्याच दांड्यावर 10 झरोक्यांचा रोटर असेल तर 400. दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर लावले की दुहेरी सूर तयार. साइन, म्हणजे गुळगुळीत लहर, नको, शिट्टी वाटते. सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर, घ्या आणि वरच्या वारंवारिता थोड्या कापा. सरळ रेषेत चढणारा सूरही खोटा वाटतो, कारण मोटर आधी झपाट्याने वेग घेते, मग मंदावते. त्यासाठी दोन-तीन चर्प जोडावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण मला हाच मार्ग पटतो. रेकॉर्डिंग घाईच्या वेळी ठीक.

ऐकताना मात्र हेडफोनच लावा. शेजाऱ्यांना खरा इशारा वाटायचा!