कॅमेरे विकायचे की सांभाळायचे? बेळगाव भागात सीसीटीव्हीचा धंदा टाकणाऱ्यांसाठी

आयटीआय किंवा डिप्लोमा झाला, दोन-चार वर्षं कुणाच्या हाताखाली फिटिंग केलं, आता स्वतःचं काहीतरी चालू करायचंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशी बरीच पोरं आहेत. त्यांच्यापुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट सेटची. चार कॅमेरे, एक डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा), हार्डडिस्क, वायरचं बंडल, सगळ्यांना एकच भाव. व्हॉट्सअॅपवर जाहिरात फिरवायची, फोन आला की दुसऱ्या दिवशी फिटिंग करायचं, पैसे घेऊन पुढच्या घरी. दुसरी वाट देखभालीची. आधी जागा बघायची, काय लागेल ते लिहून द्यायचं, बसवल्यावर वर्षाचा करार करायचा आणि वर्षभर त्या गिऱ्हाइकाचा फोन उचलायचा.

माझं मत आधीच सांगतो. इथेच राहून धंदा करायचा असेल तर दुसरी वाट धरा. गिऱ्हाईक कॅमेऱ्याचे पैसे देत असलं तरी त्याला हवं असतं ते चोरी झालेल्या रात्रीचं रेकॉर्डिंग. ते त्या दिवशी निघालं नाही तर बाकी सगळं फुकट. तरी पहिली वाट टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, तिच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे.

पैसा कसा फिरतो

सेटच्या धंद्यात पैसा लगेच हातात येतो. उधारी कमी, गुंतवणूक थोडी, गोदाम लागत नाही. ज्याच्या डोक्यावर घरचा खर्च आहे त्याला पहिले सहा महिने याच वाटेने काढावे लागतात आणि त्यात वावगं काही नाही. अडचण पुढे येते. गिऱ्हाईक तुमच्यासमोर मोबाईल उघडून तोच कॅमेरा ऑनलाइन कितीला आहे ते दाखवतं. मालावरचा नफा असा घासत जातो आणि शेवटी तुमच्या हातात मजुरीच उरते. शेजारच्या गल्लीत कुणी दोनशे रुपये कमी सांगितले की तीही जाते.

देखभालीत पहिलं वर्ष ओढाताणीचं जातं. पण समजा शंभर गिऱ्हाइकांनी वर्षाला अडीच हजारांचा करार केला, तर अडीच लाख रुपये नवा एकही कॅमेरा न विकता येतात. दुकानाचं भाडं आणि एका पोराच्या पगाराचा मोठा भाग त्यातून सुटतो. शिवाय घर वाढवलं, नवं गोदाम बांधलं की पुढचं काम भाव न विचारता तुमच्याकडे येतं.

जागा बघणं म्हणजे काय

दोन वाटांमधला खरा फरक इथे दिसतो, म्हणून इथे जरा थांबतो.

खडेबाजारातलं कापडाचं दुकान, उद्यमबागेतली फाउंड्री, निपाणीतली तंबाखूची वखार आणि खानापूर तालुक्यातलं शेतघर, या चौघांना सेटवाला एकच पेटी देतो. दुकानाला ती चालते. जागा लहान, वायर कमी, डीव्हीआर आणि कोॲक्स वायरचे (टीव्हीच्या केबलसारखी गोल वायर) साधे एचडी कॅमेरे तिथे स्वस्तही पडतात आणि दुरुस्तीलाही सोपे. तिथे आयपी म्हणजे नेटवर्क केबलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा आग्रह धरणं म्हणजे गिऱ्हाइकाचा खिसा उगाच हलका करणं.

फाउंड्रीत गोष्ट वेगळी. भट्टी आणि मोठ्या मोटारींजवळून कोॲक्स वायर गेली की चित्रावर आडव्या रेघा सरकायला लागतात. अर्थिंग दोन ठिकाणी वेगळं असलं तरी तेच. तिथे एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) आणि पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) घ्या. एकाच कॅट-सिक्स केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, मर्यादा १०० मीटरची. दोन शेड लांब असतील तर मध्ये फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे एका शेडवर वीज कोसळली तरी तो झटका केबलमधून दुसऱ्या शेडपर्यंत पोचत नाही.

शेतातल्या बोअरवर चोवीस तास वीज असतेच असं नाही, इंटरनेट तर नाहीच. तिथे सोलर पॅनेलचा, सिमकार्ड घालायचा कॅमेरा हे एकच सोयीचं उत्तर आहे. मोटारीची तांब्याची केबल कापून नेणाऱ्यांवर नजर ठेवायला तो पुरतो. पण आधी आपला मोबाईल घेऊन त्या जागी उभं राहा आणि रेंज किती येते ते बघा. खानापूरच्या रानाकडच्या गावांत एका कंपनीची रेंज बांधावर येते आणि विहिरीजवळ जाते. सतत चित्र बघायची सवय असलेल्या माणसाला आधीच सांगा की डेटा त्याने संपतो आणि बॅटरीही. हालचाल झाली की नोंद आणि मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग, एवढ्यापुरताच तो वापरायचा.

आता एक कंप्लेंट जवळून बघू. गेटवरचा कॅमेरा रात्री बंद-चालू होतो, दिवसा व्यवस्थित चालतो. सेटवाला सकाळी अकराला येतो, चित्र ठीक दिसतं, कनेक्टर हलवून निघून जातो. रात्री परत तेच. मग कॅमेरा बदलतो, पुन्हा तेच. कारण वायरीत असतं. साठ-सत्तर मीटरच्या बारीक वायरीतून १२ व्होल्ट सोडले तर दुसऱ्या टोकाला कमीच पोचतात. दिवसा तेवढ्यावर कॅमेरा चालतो. अंधार पडला की इन्फ्रारेडचे दिवे लागतात, ओढ वाढते, व्होल्टेज आणखी घसरतं आणि कॅमेरा रिस्टार्ट होत राहतो. हे दिवसाही पकडता येतं. शिडीवर चढा, कॅमेऱ्याच्या तोंडावर हात घट्ट धरून अंधार करा, दिवे लागले की मल्टीमीटरने तिथल्याच टोकाला व्होल्टेज मोजा. घसरलेलं दिसलं तर जाड वायर टाका नाहीतर कॅमेऱ्याजवळ वेगळा अॅडॉप्टर द्या. जो मुळात जागा बघून गेला असेल त्याला ही वेळ येतच नाही, कारण त्याने अंतर आधीच पावलांनी मोजलेलं असतं.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग?

सेटच्या पेटीत बहुतेक वेळा एक टीबीची डिस्क असते. गिऱ्हाइकाला वाटतं महिनाभराचं रेकॉर्डिंग राहतं. हिशेब मांडून बघा. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच-२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) सेकंदाला दोन मेगाबिटने चोवीस तास चालवला तर दिवसाला सुमारे साडेएकवीस जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना ८६. म्हणजे एक टीबी अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जायला लागतं. गावाला गेलेला मालक पंधरा दिवसांनी परत येऊन चोरीचा दिवस शोधतो तेव्हा तो दिवस डिस्कवर नसतो.

घरगुती गिऱ्हाइकाला हे एकदा समजावलं की तो स्वतः ठरवतो. पण मंगल कार्यालय, हॉस्पिटल, मोठं दुकान यांच्याबाबतीत निवड आपल्या हातात नाही. कर्नाटकच्या २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याप्रमाणे जिथे एका वेळी १०० किंवा दिवसाला ५०० लोक येऊ शकतात तिथे कॅमेरे आणि ३० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवणं बंधनकारक आहे. वरच्या हिशेबाने चार कॅमेऱ्यांनाच अडीच टीबीच्या वर जागा लागते, म्हणजे चार टीबीची डिस्क, तीही चोवीस तास चालण्यासाठी बनवलेली. कॉम्प्युटरची साधी डिस्क घालून स्वस्तात सेट देणारे आहेत. ती आधी दगा देते आणि डिस्क मेली हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण स्क्रीनवर चित्र दिसतच असतं. करारवाल्याने प्रत्येक भेटीत सर्वांत जुन्या तारखेचं रेकॉर्डिंग लावून बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. सगळ्या करारात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

पासवर्ड कुणाचा

पासवर्ड स्वतःकडे ठेवून गिऱ्हाइकाला बांधून घ्यायची रीत आपल्याकडे बरीच आहे. दुसरा मेकॅनिक आला की त्याला डीव्हीआर उघडत नाही, पूर्ण रिसेट करावं लागतं. हे मला अजिबात पटत नाही. कॅमेरा त्याच्या घरातला, माणसं त्याची, किल्लीही त्याचीच हवी. फिटिंग झाल्यावर पासवर्ड मालकाला स्वतः टाकायला लावा, रिकव्हरीला त्याचाच ईमेल आणि नंबर द्या, आपल्यासाठी हवं तर वेगळं, मर्यादित अधिकारांचं खातं उघडा. गिऱ्हाईक तुमच्या कामामुळे टिकलं पाहिजे.

वळीव आणि पावसाळा

सेटवाल्याचा फोन एप्रिल-मेमध्ये बंद लागतो, कारण वळवाच्या विजा डीव्हीआरची पोर्टं उडवतात. करारवाल्याचा फोन तेव्हाच सगळ्यात जास्त वाजतो, आणि नुकसान कुणाच्या माथी हा वाद तिथे होतो. तो टाळायला दोन गोष्टी करा. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं यंत्र) आधीच अंदाजपत्रकात धरा. वीज पडून जळालेला माल करारात आहे की नाही हे ठळक अक्षरांत लिहा, आणि मराठीत लिहा, नाहीतर कन्नडमध्ये, जे गिऱ्हाईक वाचतं त्यात.

जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात कॅमेऱ्याच्या घुमटात आतून दव धरतं आणि कनेक्टर हिरवे पडतात. मृग लागायच्या आधी एक फेरी मारून जोड जंक्शन बॉक्सच्या आत घ्या, वायरीला खाली झोळ द्या म्हणजे पाणी वायरीवरून आत न शिरता झोळावरून गळून जाईल. कोळ्याची जाळी काढायला विसरू नका. इन्फ्रारेडच्या उजेडात एकच तंतू पांढरा फटक चमकतो आणि मालकाच्या मोबाईलवर रात्रभर हालचालीच्या सूचना वाजत राहतात. मग तो वैतागून सूचनाच बंद करून टाकतो, आणि खरी चोरी होते तेव्हा मोबाईल वाजतच नाही.

पोलीस फुटेज मागतात तेव्हा

इथे सेटवाला हजर नसतो. पेन ड्राइव्हवर क्लिप देऊन भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश संख्याही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा) द्यावी लागते. घाबरलेल्या दुकानदाराच्या शेजारी बसून योग्य वेळेची क्लिप काढून देणं, डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे ते नोंदवून ठेवणं, डिस्कवर पुढचं रेकॉर्डिंग चढू न देणं, ही खरी सेवा. असं एक काम नीट झालं की त्या गल्लीत तुमची जाहिरात करावी लागत नाही.

माल, बोर्ड आणि भाषा

९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना केंद्राच्या नव्या सुरक्षा अटी लागू झाल्या आहेत. प्रमाणपत्र नसलेला जुना माल कुणी पडत्या भावात देत असेल तर दोन्ही वाटांवरच्यांनी तो घेऊ नये. दुकानाच्या बोर्डावर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, रंगकाम करून घेण्याआधीच ते बघा. हाताखालच्या पोराला मराठी आणि कन्नड दोन्ही बोलता आलं पाहिजे. फोनवर घाबरलेली आजी असेल तर तिच्या भाषेत “आजी, डब्यावरचा हिरवा दिवा लागलाय का बघा” एवढं विचारता येणं लाखाचं काम करतं.

जीएसटी, हद्दीच्या दोन्ही बाजूंना

हा भाग कंटाळवाणा असला तरी वाट इथेच ठरते. व्यापाऱ्यासाठीची कॉम्पोझिशन योजना सेटवाल्याला सोयीची आहे: उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर १ टक्का कर, हिशेब सोपा. पण तिला तीन कुंपणं आहेत. दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही, म्हणजे चंदगड, गडहिंग्लज, कागलकडचं काम गेलं. गिऱ्हाइकाला तुमच्या बिलावरचा कर त्याच्या करातून वजा मिळत नाही, त्यामुळे उद्यमबागेतले कारखानदार तुमचं बिल नाकारतात. आणि सेवेचं उत्पन्न उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख, यांपैकी जे जास्त असेल तेवढंच चालतं. देखभालीचे करार वाढले की ही मर्यादा आड येते.

म्हणून गल्लीतली दुकानं आणि घरं एवढंच गिऱ्हाईक असेल, तर पहिल्या वर्षी कॉम्पोझिशन घ्यायला हरकत नाही. कारखाने किंवा हद्दीपलीकडचं काम डोक्यात असेल तर सुरुवातीपासून नियमित नोंदणी करा. दुसऱ्या राज्यात माल विकायचा झाला तर ठराविक उलाढालीपर्यंत नोंदणी न करण्याची सूट लागू पडत नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. चालू धंदा कॉम्पोझिशनमध्ये न्यायचा असेल तर अर्ज आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आत, ३१ मार्चपर्यंत द्यावा लागतो. त्यामुळे फेब्रुवारीतच करारांची यादी घेऊन आपल्या कर सल्लागारासमोर बसा.